गुरुवारचा शिवडा

मला एका जागी बसता येत नाही. बायको सांगते की लग्नात सप्तपदी संपल्यावरही मी चालतच होतो, गुरुजींनी हाताला धरून बसवलं. चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्स बघतो. मशीन बंद पडलं की माझा फोन वाजतो, आणि बराच वेळ वाजला नाही की का वाजत नाही म्हणून मीच लाइनवर फोन लावतो. जेवताना टेबलाखाली माझा एक पाय हलत असतो. अशा माणसाने नदीकाठी गळ टाकून बसायचं ठरवलं ते हौसेने नाही. वडिलांसाठी ठरवलं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते मराठवाड्यात, गोदावरीकाठच्या आमच्या गावात राहायचे. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवणं ही त्यांची नोकरी, आणि पंपघराच्या पायरीशीच नदी, त्यामुळे उरलेला वेळ गळ टाकण्यात जायचा. निवृत्त झाले, आई गेली, तरी ते तिथेच राहिले. मग एका सकाळी अंगणात पाय घसरून पडले आणि दूध घालणारी बाई येईपर्यंत तसेच पडून राहिले. मोडलं काही नाही. पण किती वेळ पडून होतो हे त्यांनाही सांगता येईना, आणि तेव्हापासून ते अंगण माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी गाडी काढली, त्यांना रावेतला आमच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं आणि मनाशी ठरवलं की आता यांना परत पाठवायचं नाही.

अण्णांनी मनाशी बरोबर उलटं ठरवलं होतं. आल्यापासून त्यांचा एकच धोशा. "मला करमना गेलंय. कधी सोडतूस?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात बघू. आठवडा सरायचा, पुन्हा तेच. त्यांनी कपड्यांची पिशवी कपाटात रिकामी केलीच नाही, पलंगाच्या पायाशी भरलेली ठेवली. मी त्यांना मोठा टीव्ही घेऊन दिला. सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं, तिथे सगळे बीपीच्या गोळ्यांवर बोलत होते, अण्णा उठून आले. सकाळी मी कंपनीत, बायको शाळेत, ती शिक्षिका आहे, आणि मुलगी कॉलेजात. संध्याकाळपर्यंत अण्णा आणि फ्रीजचा आवाज. मधल्या वेळात ते पवनेच्या बंधाऱ्यापर्यंत चालत जायचे आणि जलपर्णी बघून परत यायचे.

"पाणी हाय इथं," एकदा म्हणाले, "पर कडंला कुणी थांबत न्हाई."

हे ऐकलं आणि मला वाटलं, सापडलं. बिघाड कुठे आहे ते कळलं की दुरुस्ती सोपी असते, अशी माझ्या धंद्यातली समजूत. यांना नदी पाहिजे, आपण नदी देऊ. कंपनीतल्या एका पोराने मला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. राजगुरुनगरच्या वरच्या अंगाला, भीमेच्या काठी राहणारा एक तरुण लोकांना मासेमारीला घेऊन जातो. रॉड त्याचा, होडी त्याची, जागा तो दाखवणार, आपण फक्त जायचं. डिप्लोमा करून तोही इकडे कंपनीत लागला होता, पण नोकरी सोडली आणि परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून बघून हे शिकला. तिकडे मोठमोठ्या नद्यांवर गाइड लोक कॅटफिश आणि बास पकडायला घेऊन जातात म्हणे. बास आपल्याकडे नाही, त्याची हौस हा मरळीवर भागवायचा. कॅटफिशची मात्र आपल्याकडे वाण नाही. मिश्यावाला शिवडा आहे, काटा मारणारा शिंगाळा आहे. मी लगेच फोन करून गुरुवार ठरवला.

गुरुवार, कारण वीज मंडळाने ठरवून दिल्याप्रमाणे आमच्या पट्ट्यात कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. आणि गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, निम्म्या घरांत त्या दिवशी मासे-मटण शिजत नाही, आमच्याही घरात नाही. वीज मंडळ आणि देव यांनी मिळून आमची ही गंमत केलेली आहे. पण पहिल्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मासा मिळेल असं मी धरूनच चाललो नव्हतो.

दिवाळी होऊन गेली होती. पाणी निवळलं होतं. तो मुलगा रस्त्यावर येऊन उभा होता, अण्णांना बघून आधी पाया पडला आणि मग म्हणाला, "आबा, तुमी आधी कधी मासं धरल्यात का?"

"थोडंफार," अण्णा म्हणाले.

हे 'थोडंफार' ऐकून मी मनात हसलो. आता अण्णा त्याला दाखवतील, असं मला वाटलं. काही दाखवलं नाही. गोदावरीचा माणूस भीमेवर अगदी नवखा. अण्णांनी आपल्या पद्धतीने कोंबडीच्या आतड्यांचा तुकडा लावून गळ टाकला आणि दुपारपर्यंत पाण्यावरचं बूच हललं नाही. तिकडे त्या मुलाने रबरी बेडूक पाण्याच्या कडेकडेने ओढत आणला आणि एक मरळ खटकन लागली. अण्णा तो बेडूक हातात घेऊन कितीतरी वेळ उलटापालटा करत बसले.

"खोटा हाय हे त्याला कळत न्हाई?"

"कळतंय, पर उशिरा," तो म्हणाला.

अण्णा हसले. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मी मात्र दर दोन मिनिटांनी रीळ गुंडाळून गळावर आमिष आहे का ते बघत होतो. अण्णा म्हणाले, "तू झोपलेल्या माणसाला उठवून इचारायलास, झोप लागली का." मी रॉड खाली ठेवला आणि फोनला रेंज कुठे मिळते ते शोधत उसाच्या कडेच्या बांधावर चढलो. तिथून खाली बघितलं तर अण्णा आणि तो मुलगा बोलत होते, म्हणजे अण्णाच बोलत होते. पंपघरात साप निघाला होता ती गोष्ट असावी, कारण अण्णांनी हाताने फणा केला होता. ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकलेली आहे की माझ्या घरी त्यांना ती कुणाला सांगताच आली नाही.

त्यानंतर दर गुरुवारी जाणं सुरू झालं. पिशवी पलंगाच्या पायाशीच होती, पण 'कधी सोडतूस' थांबलं, त्याच्या जागी 'गुरुवार कधी' आलं. बाल्कनीत हळद लावलेली कोंबडीची आतडी वाळायला लागली. वास असा की मुलीने तिकडची खिडकी कायमची लावून घेतली. बायको म्हणाली, "वास चालेल, पण ते राहतायत ना?" मी म्हणालो, राहतायत. आमची योजना लागू पडली होती आणि मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मग तो शिवडा लागला, घरी नेण्याजोगा पहिलाच मासा.

त्या मुलाचा नियम होता की मोठा मासा फोटो काढून पाण्यात सोडायचा आणि खाण्यापुरता मध्यम एखादा न्यायचा. अण्णांना हे सोडणं पटत नसे, पण नदी त्याची म्हणून ते ऐकायचे. त्या दिवशी ऊन कलल्यावर अण्णांच्या दोऱ्याला ओढ बसली. त्यांनी मला रॉडला हात लावू दिला नाही. बराच वेळ सैल सोडत, आवळत त्यांनी त्याला कडेला आणला. तोंडाचा आ एवढा मोठा, मिश्या, अंगाला खवलं नाहीत. मुलाने मापून बघितला आणि म्हणाला, न्या हा. अण्णांनी तो बादलीत घातला आणि चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा रस्ता ते मागे वळून बादलीकडे बघत होते.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगावी लागेल. पाण्याबाहेर काढलेला मासा घरी नेताना वाटेत जो बघेल, त्याला त्यातला तुकडा द्यायचा. ज्यानं बघितला त्याचा वाटा. नाही दिला तर त्याची नजर माशात राहते आणि दुसऱ्या दिवशी गळाला काही लागत नाही. गावात नदीपासून घरापर्यंत माणसं किती भेटणार, तीन-चार. त्यातलीही दोन लाजेने दुसरीकडे बघायची.

आमच्या सोसायटीत गेटपासून लिफ्टपर्यंत किती माणसं बघतात याचा मी कधी विचार केला नव्हता. मी अण्णांना गेटवर उतरवलं आणि गाडी लावायला तळघरात गेलो. तिथे कंपनीचा फोन आला. कन्व्हेयर बंद. मी बोलत बोलत तळघरात फेऱ्या मारत राहिलो. वर आलो तर अण्णा गेटजवळच्या नळापाशी विळी घेऊन बसलेले. विळी त्यांनी वर जाऊन आणली होती, आणि घरात गुरुवारी मासा शिजणार नाही हे बायकोने सांगितल्यावर पुन्हा खाली आले होते. ताजा मासा उद्यावर टाकायचा नाही, आणि बघणाऱ्यांचे वाटे तर द्यायचेच होते. सोसायटीच्या बागेतल्या बदामाची पानं तोडून त्यांनी एकेक तुकडा त्यात बांधला होता. मी येईपर्यंत वाटणी उरकलीही होती. वॉचमनला दिला. वॉचमन म्हणाला की मी तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघितला, अण्णा म्हणाले बघितलाच ना. झाडूवालीला दिला. क्लासहून परतणाऱ्या पोरींना दिला, त्या किंचाळून पळाल्या. आणि लिफ्टमध्ये बादलीत डोकावून 'काय आणलंत आजोबा?' असं ज्यांनी प्रेमाने विचारलं होतं, त्या आमच्या सेक्रेटरींच्या दारात जाऊन अण्णांनी त्यांच्या हातात पान ठेवलं. सेक्रेटरींच्या घरात त्या वेळी गुरुवारची आरती चालू होती.

मी नवव्या मजल्यावर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर नळाचा फोटो आला होता. रक्त, विळी, बदामाची पानं. खाली माणसं काय काय लिहीत होती. सेक्रेटरी स्वतः आले. चांगले गृहस्थ आहेत, आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "वडिलांना जरा समजावून सांगा. इथे सगळ्या प्रकारचे लोक राहतात." मी हात जोडले, माफी मागितली. ते गेल्यावर माझा पारा चढला. सेक्रेटरींचा राग, कन्व्हेयरचा राग, सगळा एकदम अण्णांवर निघाला.

"इथं कुणाला काही द्यायचं नाही," मी म्हणालो. "मला विचारल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. हे गाव नाही."

"बघितला त्यानं," अण्णा म्हणाले.

"बघू दे. बघितलं म्हणून काय झालं?"

अण्णा हात धुऊन खोलीत गेले. पुढचे दोन दिवस ते खोलीतच राहिले. चहा दिला की घ्यायचे, कप धुऊन ठेवायचे. मी रात्री-सकाळी त्यांच्या दाराशी जाऊन उभा राहायचो आणि परत फिरायचो. बायको म्हणाली, "आत जा आणि बसा त्यांच्याजवळ." मी आत गेलो, पलंगाच्या कडेवर बसलो, आणि फोन वाजला.

रविवारी मी कंपनीत असताना बायकोचा फोन आला. ती भाजी घेऊन परत आली होती. अण्णा घरात नव्हते आणि पलंगाच्या पायाशी पिशवीही नव्हती.

मी सुपरवायझरला दोन शब्द सांगून तसाच निघालो. ते गावीच निघाले असणार, यात मला शंका नव्हती. अण्णा फोन बाळगत नसत. गावातल्या शेजाऱ्याला फोन केला, म्हटलं, आले तर दार उघडू नका, म्हणजे उघडा, पण मला कळवा, एकटं सोडू नका. वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर गेलो. मराठवाड्याकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत चढून, खिडकीपासून खिडकीपर्यंत माणसं बघत दुसऱ्या दाराने उतरलो. एका कंडक्टरने विचारलं, काय हरवलं? मी म्हणालो, वडील. तो 'बसा जरा, पाणी घ्या' म्हणाला, पण मला बसवेना. त्या भरलेल्या स्टँडवर मला फक्त ते ओलं अंगण दिसत होतं, आणि या वेळी दूधवाली येत नव्हती. मला रडू आलं. मी चारचौघांत रडलो आणि रडतानाही फेऱ्याच मारत होतो.

तेवढ्यात फोन आला, भीमेवरच्या त्या मुलाचा.

"दादा, घाबरू नका. अण्णा आमच्याकडं हायेत. आत्ताच आले, राजगुरुनगरपोत्तर बसनं आन् तितनं जीपनं."

चाकणच्या रस्त्यावर मी किती गाड्यांना हॉर्न मारले ते सांगण्यासारखं नाही. पोचलो तेव्हा अण्णा काठावर बसले होते. शेजारी लाइफ जॅकेट घातलेली दोन पोरं, हिंजवडीकडची असावीत. रॉड त्यांच्या हातात. अण्णांच्या हातात काहीच नव्हतं. अण्णांनी हाताचा फणा केला होता. पोरं तोंड उघडं ठेवून ऐकत होती आणि दोघांपैकी कुणालाही फोनची आठवण नव्हती.

मला बघून अण्णा म्हणाले, "आलास? बस."

मी उभाच राहिलो. तो मुलगा मला बाजूला घेऊन गेला. "मी न्हाई बोलावलं त्यांना, दादा, खरंच. पर एक सांगू का? लोकं येत्यात हौसेनं आन् अर्ध्या तासात मासा न्हाई लागला का उठत्यात. चुळबुळ करत्यात. तुमचंच बघा की. अण्णा बोलाया लागले का बसत्यात. आमची आई म्हनली, ऱ्हाऊ द्या त्यास्नी, घरात जागा हाय."

मी अण्णांपाशी गेलो. पोरांसमोर बोलायचं नव्हतं, पण राहवलं नाही. "घरी चला. मी चुकीचं बोललो असेन. पण चला."

अण्णा उठले आणि माझ्याबरोबर थोडं पुढे चालत आले. रागावलेले अजिबात दिसत नव्हते. तेच मला जास्त लागलं.

"तू वाईट न्हाईस," ते म्हणाले. "सूनबाई तर लईच चांगली हाय. पर तुमच्या घरात मी सकाळी उठून काय करू, सांग बरं."

"पण इथं तुम्ही पडलात तर?"

"इथं पडलो तर उचलायला घरभर माणसं हायती. तुझ्याकडं नवव्या मजल्यावर पडलो असतो तर संध्याकाळपस्तोर कुणाला कळलं असतं?"

इतके महिने मी गावातल्या अंगणाला भीत होतो, आणि आपल्या घरातही सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी नसतं हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मग मी शेवटचं काढलं. "लोक काय म्हणतील, अण्णा? बापाला परक्याच्या दारात ठेवलं म्हणतील."

"त्यांना सांग, बाप कामाला लागला."

त्यांना ते बोलणं स्वतःलाच आवडलं असावं, कारण ते हसले आणि पोरांकडे बघू लागले. एकाचं बूच हलत होतं. मला राग आला होता, वाईट वाटत होतं, आणि ते पडून नव्हते, उभे होते, हसत होते, म्हणून हायसंही वाटत होतं. हे सगळं एकदम होतं आणि कशाचं काय करावं ते मला कळत नव्हतं. मी विचारलं, "मग गुरुवारी येऊ?"

"ये की," अण्णा निघता निघता म्हणाले. "पर आधी फोन करून ये. गुरुवारी तुमच्या कंपन्यांची लई माणसं असत्यात."

आता मी बुधवारी संध्याकाळी त्या मुलाच्या नंबरवर फोन लावतो. कधी अण्णा येतात फोनवर, सध्या कोणता मासा लागतोय ते सांगतात, सूनबाईचं विचारतात. कधी तो मुलगाच हळू आवाजात म्हणतो, "अण्णा गिऱ्हाइकापाशी बसल्यात, दादा. नंतर लावता का?"

मी हो म्हणतो आणि नंतर लावतो.